एव्हाशी बोलण्यापुरतं इंग्रजी

५ फेब्रुवारी, रविवार
माझ्या जिन्सीला जाऊन आज एकेचाळीस दिवस झाले. चर्चमध्ये प्रार्थना, मग जेवण. लोक चारला गेले. तिला तिकडे आयर्लंडलाच पुरलं – मी मोबाइलवर पाहिलं.
संध्याकाळी जावयाचा, बिजॉयचा फोन. नात समोर आली. एव्हा सहा वर्षांची, मल्याळम येत नाही. आजवर मध्ये जिन्सी असायची, माझं तिला, तिचं मला सांगायला. आज मल्याळममध्येच विचारलं, "मोळे, बाळा, जेवलीस का?" ती बापाकडे बघत राहिली. दोन मिनिटांत संपलं.
लेकीचं तेवढंच उरलंय. शिकायलाच हवं.

८ फेब्रुवारी
शेजारची लिंटा परदेशी जाणाऱ्या नर्सांना इंग्रजी शिकवते. तिच्या क्लासात जाऊन बसले. एक पोरगी म्हणाली, "अम्मच्ची, या वयात नाइट ड्यूटी झेपेल का?" म्हटलं, "मला दिवसाचीच द्या." हसल्या सगळ्या.
आजचा धडा – साधा वर्तमानकाळ. लिंटा म्हणाली, "रोज घडतं ते यात सांगायचं. आय कुक. 'शी' आली की शेवटी स – शी कुक्स."

१३ फेब्रुवारी
गृहपाठ – घरातल्या एका माणसाचा दिवस, दहा वाक्यं. घरात माणूस कुठलं? शेळीचा लिहिला. शी ईट्स लीव्ह्ज. शी स्लीप्स. लिंटाने वाचलं. खांद्यावर हात ठेवून पुढे गेली.

१९ फेब्रुवारी, रविवार
एव्हाशी बोलले – अकरा मिनिटं! आय फीड द गोट. डू यू ईट एग्ज? डू यू ब्रश युअर टीथ?
ती मग फोनला कान लावून बसली. म्हणाली, "से इट अगेन." मी परत म्हटलं. पुन्हा तेच. चार वेळा म्हणायला लावलं. माझं बरोबर येत असणार.

२४ फेब्रुवारी
पन्नास वाक्यं पाठ.

२६ फेब्रुवारी, रविवार
फोन आला नाही. मीच केला. बिजॉय एकटा होता, मान खाली घालून.
"अम्मच्ची, रागावू नका. मल्याळम बोलायचात तेव्हा तिला ते वेगळं वाटायचं. आता इंग्रजीत... आवाज थेट जिन्सीचा येतो. फोन ठेवला की मम्मीला खोल्याखोल्यांतून शोधत फिरते. आठवडाभर धड झोपली नाही. काही महिने जाऊ द्या."
"बरं," म्हटलं.
दोरीवरचे कपडे वाळले होते. आत आणून घड्या घातल्या.