अठरा मिनिटांचा कॉल

प्रिय योगेंद्र,

आईसाठी तू कॅनडाहून पाठवलेला इंटरनेटचा फोन परवा एकदाचा सुरू झाला. महिनाभर तू माझ्या मोबाइलवरही फोन केला नाहीस, आणि मेसेजला 'ठीक आहे' यापलीकडे उत्तर देत नाहीस, म्हणून हे पोस्टाने पाठवतोय. पत्र माणूस निदान उघडून बघतो.

बिघाड फोनमध्ये नव्हताच, माझ्या फायरवॉलमध्ये, म्हणजे इंटरनेटवर पहारा ठेवणाऱ्या पेटीत होता. साड्यांची डिझाइनं मी घरच्याच कॉम्प्युटरवर करतो हे तुला माहीत आहे. गेल्या वर्षी व्हायरसने तीन महिन्यांचं काम खाल्लं, तेव्हा चिडून मी ती पेटी बसवली आणि दिसेल ते सगळं बंद करून टाकलं. सुरतेच्या अख्ख्या पांडेसऱ्यात एवढा बंदोबस्त कुणाच्या घराला नसेल. तुझा फोन आला, वायर जोडली, हिरवा दिवा लागला, घंटी वाजली. आईने रिसीव्हर उचलला, दहा वेळा हॅलो म्हणाली आणि 'काहीच आयकू येत नही' म्हणत तो टेबलावर आडवा ठेवून दिला. मोबाइलची काच तिच्या बोटाला जुमानत नाही म्हणून तू मुद्दाम रिसीव्हरवाला फोन शोधलास, आणि तोही मुका निघाला असं आम्ही ठरवून टाकलं.

मग मी रोज संध्याकाळी त्याच्याशी झटत बसलो. पेटी बंद-चालू केली, वायर बदलली, मोडक्या इंग्रजीत दोन-तीन ठिकाणी भांडलो. तुझी वहिनी सुषमा म्हणाली, एवढं लक्ष घरात दिलं असतं तर गळका नळ कधीच दुरुस्त झाला असता. शेवटी जवळच्या सचिन गावाहून अश्विनी नावाची एक मुलगी आली. हेच काम करते. तिने पाच मिनिटांत निदान केलं. घंटी एका वाटेने येते आणि बोलणं दुसऱ्या वाटांनी, आणि त्या दुसऱ्या वाटा मी बंद करून ठेवल्या होत्या. तिने फोनपुरत्या तेवढ्याच उघडल्या. जाता जाता तिने गुजराती-हिंदीत समजावलं, की अडवणूक फक्त बाहेरून येणाऱ्या आवाजाची होत होती, इथलं बोलणं पलीकडे व्यवस्थित जात होतं. फोनमधली नोंदही दाखवली. त्या दिवशीचा तुझा कॉल अठरा मिनिटं चालला होता.

ती गेल्यावर मी ती अठरा मिनिटं आठवत बसलो. रिसीव्हर टेबलावर आडवाच होता.

त्या दिवशी कानबाईचा सण दोन दिवसांवर आला होता. फोनच्या टेबलाशीच बसून आई नैवेद्याच्या रोटाचे गहू काढत होती, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ती तुझ्या नावाशी आली तेव्हा मी म्हणालो, ज्याने बापाला खांदा दिला नाही त्याची मूठ कशाला? तुझी मूठ तिने परत डब्यात टाकली. तेही तुला ऐकू गेलं असेल.

अण्णांच्या आजारपणात तू तीनदा विचारलंस, येऊ का म्हणून. तिन्ही वेळा मी सांगितलं, बरे आहेत, नवी नोकरी सोडून येऊ नकोस. पहिल्यांदा ते खरं होतं. नंतर मात्र एकट्याने सेवा केल्याचा मोठेपणा मला हवा होता. अण्णा गेल्यावर आईला वाटत राहिलं की तूच टाळलंस, आणि मी तिला तसं वाटू दिलं. त्याची मला फार लाज वाटते.

भाऊनेच येऊ दिलं नाही, एवढा एक निरोप तू आईला पाठवला असतास तर मला या घरात मान वर करता आली नसती. तू पाठवला नाहीस. म्हणून काल मीच तिला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. सकाळपासून फोनशेजारी बसून आहे. तुझा नंबर लावून देतो म्हटलं तर नको म्हणाली. मूठ माझ्याच हाताने परत टाकली, आता कुठल्या तोंडाने बोलू म्हणते. मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव. तिला तेवढा फोन कर.

तुझाच,
योगराजभाऊ