बाबू आज रडला नाही

आई,

बाबूले घेऊन साकोलीच्या दवाखान्यात जाऊन राहिली. शेजारची करुणा गाडी घेऊन दारात उभी हाय. तुम्ही विहारातून येईपर्यंत थांबत नाही.

जन्मला तसा हा दूध पिला का ओकते, पोट घट्ट करून आकांत करते. आज मात्र सकाळपासून झोपूनच हाय. तळपाय चोळले, तोंडावर पाणी शिंपडलं, तर थोडा डोळा उघडून परत झोपला. तुम्ही म्हणाल, लेकरू झोपलं तर तुले काहून त्रास?

पण घुटीचं बोंडलं ओलं हाय. डॉक्टरांनी वरचं काहीच देऊ नका सांगितलं, तेव्हाच मी ते पुसून कपाटात ठेवलं होतं. हे तर कालपासून वरठीले ड्युटीवर. घरात तुम्ही अन् मीच.

कोणं दिलं ते विचारत नाही. यांनाही सांगणार नाही. काय दिलं, तेवढं फोन करून सांगा. डॉक्टर पहिले तेच विचारतील.

भात झाकून ठेवला हाय. पण आधी फोन करा. फोनवर माझ्या मागून बाबूचा आकांत ऐकू आला, तर जेवा.

तृप्ती