क्रमाने घेतले जाईल

११ ऑक्टोबर, संध्याकाळ

आज दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी आमची राखून ठेवलेली जागा दुसऱ्याला देण्यात आली. वेळ लिहून ठेवते आहे, कारण मी ती विसरणार नाही आणि कुणाला विसरूही देणार नाही.

एरवी दिवस झकास गेला. महिनाभर धाकट्या बहिणीने आणि मी या सहलीची आखणी केली. तिला चाकांवरचं घर भाड्याने घ्यायचं होतं; शेगडी, पलंग, आरसा, सगळं बरोबर. मी म्हटलं, घरच न्यायचं असेल तर घरीच बसू. शेवटी तंबू ठरला. बैठकीच्या खोलीत तो दोनदा उभारून पाहिला, त्यात टेबलावरचा दिवा फुटला. दोर, मेखा, हातोडी, धाकटीच्या गुडघ्याचा पट्टा, सगळं मी स्वतः बांधलं. आणि इथल्या डोंगरातल्या तंबूतळावर झऱ्याकाठची सपाट जागा आगाऊ पत्र पाठवून राखून ठेवली.

त्या जागेवर एक टोपीवाले गृहस्थ आपली घरगाडी लावून आरामखुर्चीत पसरले होते. तळाचा व्यवस्थापक म्हणाला, मॅडम, जंगल काय, इथून तिथून सारखंच. टोपीवाल्याने वर विचारलं की या वयात तुम्ही दोघी तंबूत झोपणार? मी म्हटलं, आम्ही तंबूत झोपू, तुम्ही खुशाल डब्यात झोपा. धाकटीने माझा पदर ओढला. आम्हाला मिळाली उतारावरची, अगदी कडेची जागा. तरी डोंगर सुरेख आहेत. झाडांचा वास घेऊन धाकटी लहान मुलीसारखी हसत होती.

आम्हाला वर घेऊन आलेल्या जीपवाल्याचंही लिहायला हवं. चढावर त्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. बोलले, तर म्हणे, आजी, जनावरं बाजूला होतात. आजी! मी ग्रंथालयात उभा जन्म काढला. शांतता राखणं हे माझं काम होतं.

सुदैवाने आमच्या तंबूमागे एका जुन्या झाडाला पत्र्याची तक्रारपेटी ठोकलेली आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सांगायच्या, तक्रार करायची तर तारीख, वेळ, सही आणि शेवटी उपाय लिहा. उपाय नसेल तर ती नुसती कुरकुर. दोन कागद टाकले. पहिला टोपीवाल्याचा: गाडी त्या जागेवरून हलवावी. दुसरा जीपवाल्याचा: हॉर्न बंद करावा.

१२ ऑक्टोबर, सकाळ

धाकटीचं तोंड उजाडायच्या आधी सुरू होतं हे मी तिच्या लग्नानंतरच्या वर्षांत विसरले होते. ताई, पक्षी ऐकलास का? ताई, माझा मोजा बघितलास? ताई, जागी आहेस ना? मेहुणे बिचारे कसे जगले देव जाणे, आणि गेले तेही शांतपणे झोपेत, आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्यांना झोपू दिलं होतं म्हणून. हे मी तिला तोंडावर म्हणाले. ती खोकला येईपर्यंत हसली.

मग मी तिच्यादेखत तिसरा कागद लिहिला. तक्रार: धाकटी बहीण पहाटेपासून बडबडते. उपाय: तिचं बोलणं थांबवावं. सही ठोकली आणि पेटीत टाकून आले. ती म्हणाली, ताईच्या घोरण्याची तक्रार मी टाकणार आहे, फक्त चष्मा सापडू दे.

परत येते तर झऱ्याकाठी गडबड. घरगाडी जागेवर नव्हती. खाली दरीत होती, चाकं वर करून. टोपीवाले आत होते. पलंगाची लोखंडी कड त्यांच्या गळ्यात घुसली होती आणि टोपी डोक्यावर जशीच्या तशी. त्यांना डब्यात झोपा म्हटलं होतं मीच.

व्यवस्थापक म्हणतो, ब्रेक निसटला असेल. पण चाकांना लावलेले दगड बाजूला एकावर एक नीट रचलेले आहेत. प्रेत खाली न्यायला त्याने फोन करून जीपवाल्याला उद्या सकाळी बोलावलं आहे. आणि मान खाली घालून म्हणाला, मॅडम, हवी तर आता ती जागा मोकळी आहे.

दुपारी

तंबूच्या दाराशी जमिनीत एक मेख ठोकलेली सापडली. आमची नव्हे, गंजकी. तिच्यात माझा कागद खोवलेला होता, पहिला. खाली तपकिरी, ओलसर अक्षरांत एक शब्द: निकाली.

हा विनोद असेल तर कुणाचा आहे ते मी शोधून काढीन.

१३ ऑक्टोबर, सकाळ

उजाडताना हॉर्न वाजला. खालच्या वळणावरून. थांबेचना. धाकटी म्हणाली, बघ, तुझा लाडका आला. मग हॉर्नबरोबर माणसाचा आवाज यायला लागला. मग दोन्ही बंद.

व्यवस्थापक आणि मी धावलो. जीप झाडाला टेकून उभी, पुढचं चाक वाकडं. जीपवाल्याचे दोन्ही तळहात स्टीअरिंगला मेखांनी ठोकलेले. हॉर्नची कळ उपटलेली, तारांसकट, आणि ती त्याच्या तोंडात होती. जबडा मोडून आत दाबलेली. तो जिवंत होता. माझ्याकडे पाहत होता. मी त्याचं डोकं धरून बसले. परवा त्याला काय काय बोलले होते मी. तो फार वेळ टिकला नाही.

तंबूपाशी दुसरी मेख. दुसरा कागद. निकाली.

तिसरा कागद धाकटीचा आहे.

दुपारी

व्यवस्थापकाला पेटीचं विचारलं. तो म्हणाला, आमची पेटी कार्यालयात आहे, झाडावर आम्ही कधीच पेटी लावलेली नाही. त्याला तिथे नेलं. हातोडीने पत्रा उचकटला. पेटीला पाठ नाही. मागे झाडाची ढोली, आतून ओली आणि कोमट. त्याने हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. दोन बोटं नव्हती. मूठ शर्टात गुंडाळून तो उतारावरून पळाला. मागून हाक मारली, तरी वळला नाही.

फोन मुका आहे. धाकटीला चालवत नाही. या गडबडीत ती पडली आणि गुडघा सुजून भोपळा झाला आहे. ती म्हणते, ताई, तू जा, मदत आण. मी म्हटलं, गप्प बस. आणि लगेच म्हटलं, नको, गप्प नको बसू.

मी अर्ज लिहिला: तिसरी तक्रार मागे घेत आहे. ती रागाच्या भरात केली होती. बहीण निर्दोष आहे. ढोलीत टाकला. हात जाऊ दिला नाही, काठीने ढकलला.

संध्याकाळ

धाकटीला पाठीवर घेऊन कार्यालयात आणलं. मध्ये तीनदा बसलो. दाराला टेबल लावलं आहे. टेबलावर त्यांची खरी तक्रारपेटी, कुलूप लावलेली, धूळ खात.

ठक ठक ऐकू आलं. खिडकीतून पाहिलं. पायरीवर मेख. मी दार किलकिलं करून कागद ओढून घेतला. माझाच अर्ज. खाली ओल्या अक्षरांत:

आधीच्या तक्रारीनंतर क्रमाने घेतले जाईल.

१४ ऑक्टोबर, पहाट

धाकटीला सांगितलं सगळं. वाटलं शिव्या देईल. म्हणाली, तुझं अक्षर तरी गिचमीड असायचं, मेल्याला वाचताच आलं नसतं. आणि माझा हात धरला.

तिला बोलत राहायला सांगितलं आहे. काहीही. ती बोलते आहे. आईचं लुगडं, मी शाळेत नेलेला डबा, मेहुण्यांचे बूट—

बाहेर खडीवर काहीतरी चालतं आहे. जड. थांबतं. मग भिंत खरवडल्यासारखं—

हा शेवटचा कागद. लिहून झाला की दाराच्या फटीतून बाहेर सरकवणार आहे.

प्रति, जो कोणी असेल त्यास. क्रम चुकीचा आहे. दोष तक्रार करणारीचा आहे. उपाय: आधी मला घ्यावं. बहिणीला हात लावू नये. तारीख, वेळ, सही, सगळं आहे. यावर आज सकाळी सहाच्या आत मला लेखी उत्तर—

ती बोलते आहे. मोजा सापडला म्हणते—

टेबल हललं.

लेखी उत्तर हवं. सहाच्या आत. तोंडी चालणार नाही—

धाकटे, का थांबलीस? बोल. ए, बोल ना. पक्षी ऐकलास का म्हण. मी जागी आहे, मी जागी—

सहाच्या आत, मला लेखी