आजोबांच्या तलवारीची धार

३ मार्च

चि. बाळ्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत, मला मात्र परवापासून घास उतरत नाही.

तुझ्या चिमणीच्या लग्नात केक कापायला म्हणून आजोबांची तलवार तू माझ्याकडे चकचकीत करायला पाठवलीस. म्यानाचं टोक निखळलं होतं, म्हणून मी ती संग्रहालयातल्या बाईंना दाखवली. मुठीवरचा पलटणीचा आकडा पाहून त्यांचा चेहराच उतरला. त्या म्हणाल्या, ही घोडदळाची तुकडी कधी लढाईवर गेलीच नाही, शहरातच होती. एरवी या तलवारी बोथट असत, हुकूम निघाला की मगच धार लावत. या तुकडीला तो हुकूम एकदाच मिळाला. पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या बायकांवर घोडे घातले, त्या सकाळी.

आणि घरी आपण ऐकत आलो, आजोबा म्हणे तोफांवर चालून गेले होते. घरातल्या मुलींनी पात्याला तेल लावायचं आणि मुलग्यांनी कमरेला लावून फोटो काढायचा, ही आपल्या घरची रीत. त्या धारेवर अंगठा फिरवून मी तुला घाबरवायचे. आता त्याच अंगठ्याची शिसारी येते. किती वेळा हात धुतले, तरी किळस जात नाही.

ही वस्तू लग्नात नको. शब्द टाकतेय, खाली पडू देऊ नकोस.

लोभ आहे, म्हणूनच इतकं लिहिलं.
ताई

११ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. त्या बाईंनी नवीन काय सांगितलं? मला मिसरूड फुटलं तेव्हाच बाबांनी हे सांगितलं होतं, जसं आजोबांनी त्यांना. आपल्याकडे ही गोष्ट पुरुषांपुरतीच असते. तुम्हा बायकांच्या जिवाला घोर नको, म्हणून तुमच्यासाठी ती तोफांची गोष्ट.

अगं, ते हुकमाचे ताबेदार. गेल्या गोष्टी उकरून कोणाचं भलं झालंय? हॉल ठरलाय, माझं भाषण घोटून तयार आहे. तू पहिल्यापासून राईचा पर्वत करणारी. पोटभर जेव आणि तलवार पाठवून दे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
बाळ्या

१६ मार्च

ती. आत्यास,

चिमणीचा नमस्कार. तुझं पत्र बाबांनी जेवणाच्या टेबलावर उघडंच टाकलं होतं. मी ते उभ्याउभ्याच वाचून काढलं.

मग होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. वाटलं, हे ऐकून तोच लग्न मोडेल, अशा घरची मुलगी कोण करेल? रडत रडत सगळं सांगितलं. त्याने निवांत ऐकून घेतलं आणि म्हणाला, एवढंच ना, हे तर तुझ्या बाबांनी लग्न ठरलं त्याच दिवशी मला सांगितलं. आता तूही घरचा पुरुष झालास, म्हणाले. तुला कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं, हेही त्यानेच सांगितलं, आणि वर हसला.

आत्या, जन्मभर मी तेल लावत बसले असते आणि तो तसाच हसत राहिला असता.

लग्न मोडलं, हॉल नको, असं मी हॉलवाल्यांना कळवलंय. बाबा विचारतात, लोकांना कारण काय सांगायचं. मी म्हटलं, खरं ते सांगा, तर ते उठून गेले. आई म्हणते, पुरुषांचं असंच असतं, तू एवढं मनावर घेऊ नकोस.

तलवार संग्रहालयाला देऊन टाक, कुणाला विचारू नकोस. मी शनिवारी येतेय, राहायलाच.

लोभ तुझ्याकडेच मागते. इथे मागावा असं कोणी उरलं नाही.
चिमणी