स्टोव्हचा वायसर

वहिनी,

स्टोव्ह पेटवू नको. कितीही पंप मारला तरी हवा भरनार नाही, त्याचा कातडी वायसर मी काढून नेला. पाहुन्यांचा चहा चुलीवरच कर.

मी पहिल्या एसटीनं जळगाव जामोदले चालली, शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाले. आमच्या वर्गाले काम दिलं हाय, घरातल्याच वस्तूंचा पंप बनवाचा अन् खालच्या हंड्यातलं पानी टेबलावरच्या बादलीत चढवाचं. माह्या बांबूच्या पंपाले मी दादाच्या फाटक्या चपलेचं कातडं लावलं होतं. ते कडक पडलं. काल शाळेत सरांसमोर सारं पानी बाजूनं गळून गेलं. स्टोव्हचं कातडं तेलानं मऊ झालेलं, ते नळीले बरोबर चिकटून बसते. आत्ता न्हानीत लावून पाह्यलं. पानी चढलं वो वहिनी!

दादा म्हनन, पाहुने पोरगी पाह्याले येऊन राह्यले अन् पोरगी कुठं हाय? खरं तेच सांग. संध्याकाळी मी त्याच्यासमोर येऊन उभी राहीन, त्यानं मारलं तरी चालन. निळं पातळ पेटीत तसंच ठेवलं हाय, तुले पाह्याले आले तवा तू नेसली होती ते.

मायले सांभाळ.

चूल पेटवशीन तवा आधी ही चिठ्ठी तिच्यात टाक. मागच्या दाराले रात्री दादानं कुलूप लावलं होतं. त्याची किल्ली माह्या दप्तरात कोनं ठेवली, हे घरात कोनाले कळू देऊ नको.

वच्छी