बदला, व्हाया फ्रान्स

३ नोव्हेंबर
तेजस्विनीला मागणी घालायला आईला घेऊन सायखेड्याला गेलो. तिचे वडील भिमाजीतात्या, रिटायर्ड सुभेदार, भर बैठकीत म्हणाले, "हर्षल, तुला जिना चढताना धाप लागते. आर्मीत असतास तर विचार केला असता." सगळे हसले. आईपण.
बदला घेणार.

४ नोव्हेंबर
आपल्या आर्मीसाठी माझं वय उलटलंय. त्यांचंच नुकसान. पण फ्रान्सच्या फॉरेन लिजनमध्ये परदेशी माणसं घेतात! पाच वर्षांनी लिजनची ती पांढरी टोपी घालून तात्यांच्या दारावरून जायचं. न बघता.

९ नोव्हेंबर
वेबसाइट नीट वाचली. भरतीला स्वतः फ्रान्समध्ये हजर व्हायचं. व्हिसा ज्याचा त्याने बघायचा. म्हणजे सैन्य बोलावतंय, देश नाही. किरकोळ अडचण.

१० नोव्हेंबर
रनिंग सुरू. रामकुंडापर्यंत. येताना रिक्षा.

२४ नोव्हेंबर
तेजस्विनीचं जमलं. मुलगा मनमाडचा. महेश. रेल्वेत क्लार्क. क्लार्क! आर्मीची अट कुठे गेली? आता महेशचाही बदला.

२ डिसेंबर
मुंबई. टुरिस्ट व्हिसाचा अर्ज. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, तिथे काय बघणार? बराकी, म्हणालो. मग विचारलं, परत याल कशावरून?
"मॅडम, यावंच लागेल. दोघांचा बदला घ्यायचाय."
त्यांनी बराच वेळ काहीतरी टाइप केलं. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

१९ डिसेंबर
व्हिसा नाकारला. कारण काय, तर परत येण्याच्या हेतूबद्दल शंका. शंका! माझा दुसरा हेतूच नाही!
फ्रान्सलाही सोडणार नाही.

२१ डिसेंबर
अमेरिकन आर्मी: आधी ग्रीन कार्ड आणा म्हणतात. रशियन आर्मी: आई म्हणाली, तंगडं मोडीन.

२० एप्रिल
तेजस्विनीचं लग्न. नुसतं कडक नजरेने बघून परत यायचं, असं ठरवून गेलो. लॉन्सच्या गेटवरच तात्यांनी गाठलं. माझ्या गळ्यात शिट्टी अडकवून म्हणाले, "पार्किंगला खणखणीत आवाजाचा माणूस पाहिजे."
संधी! महेशची सजवलेली गाडी मुद्दाम पार मागे, चिंचेखाली लावायला लावली. बदला क्रमांक एक, यशस्वी.
पाठवणीच्या वेळी महेश धावत आला आणि मिठीच मारली. म्हणाला, "भाऊ, बाकीच्या गाड्या नुसत्या तापल्यात. तुम्ही आमची सावलीत लावली म्हणून ही सुखानं बसली."
तेजस्विनीपण थँक्यू दादा म्हणाली.
तात्या म्हणाले, "शाबास."
मी खाडकन सॅल्यूट ठोकला. का, ते मलाही कळलं नाही.