उजव्या हाताला सुट्टी

प्रिय मामा,

आधी माफ कर. एक तर माझं शुद्धलेखन तुला माहीत आहे (जिथे चुकलंय तिथे बरोबर आहे असं समजून वाच), आणि दुसरं म्हणजे हे मी मोबाईलवर डाव्या हाताच्या एका बोटाने टाईप करतेय, परवापासून. मोठ्यांना पत्रात तुम्ही म्हणायचं असतं, आठवीपर्यंतच्या शाळेतलं तेवढं लक्षात आहे. पण तुला तुम्ही लिहिलं की वाटतं मी कुणा दुसऱ्याच मामाला लिहितेय, म्हणून तूच. तुझी शुगर कशी आहे? मामीची कंबर? तू दिलेली मोटरसायकल ठणठणीत आहे. तिची काहीच तक्रार नाही. तक्रार माझ्या उजव्या हाताची आहे.

दुखत नाही तो, झोपतो. तुला माहीत आहे ना, आई जिथे कवळ्यांना पॉलिश करते त्या दातांच्या लॅबचं बाहेरचं काम मी करते. सकाळी तयार कवळ्या डब्यात घालून निघायचं, हायवेवरच्या सात डॉक्टरांकडे द्यायच्या, त्यांच्याकडचे पेशंटच्या दातांचे ठसे घेऊन संध्याकाळी परत. दिवसाला दीडशे किलोमीटर, रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ. डाव्या हाताला क्लच, गिअर बदलताना तरी काम. उजव्याने मात्र एवढंच करायचं की रेसची मूठ पिळून धरायची आणि तशीच धरून ठेवायची. तासाभरात मुंग्या, दोन तासांत हात आपला आहे की पाहुणा आलाय कळत नाही. एकदा पाच नंबरच्या डॉक्टरांकडे सही करताना पेन पडलं तीनदा. त्यांनी लॅबला फोन केला, मुलगी थरथरत होती म्हणून. आईच्या बाजूची खुर्ची रिकामी आहे, त्यामुळे आई लगेच म्हणाली, गाडी बंद, उद्यापासून आत बस.

मामा, आत सहा बायका आहेत, चांगल्या आहेत, पण सहाही जणी प्रश्न विचारतात. मी उत्तर जुळवते तोपर्यंत दुसरी विचारते. गाडीवर तसं नाही. हेल्मेट घातलं की मी बोलते, मोठ्याने. डॉक्टरांना काय सांगायचं ते चार वेळा म्हणून बघते, आणि मग दारात गेल्यावर त्यातलं निम्मं तरी तोंडातून निघतं. (हे कुणाला माहीत नाही. मामीला सांगितलंस तर चालेल.) म्हणून आईकडून महिन्याची मुदत मागून घेतली आणि ठरवलं की मूठ आपोआप धरून ठेवणारी वस्तू बसवायची. त्याला थ्रॉटल लॉक म्हणतात.

दुकानात बोलायला नको म्हणून चिठ्ठी लिहून नेली. माझा थ जरा पोट सुटलेल्या ब सारखा येतो. दुकानदार काकांनी वाचलं, "बॉटल लॉक? हां, आहे ना." आणि हँडलला पाण्याची बाटली अडकवायची कडी आणली. मी म्हणणार होते. पण ते इतके खूष होते, म्हणाले, "बघ, आजकालची पोरं पाणी पीतच नाहीत, तू शहाणी आहेस," आणि स्वतः वाकून, गुडघा मोडून, ती बसवून दिली. मग मी कशी म्हणणार? आठ दिवस बाटली घेऊन फिरले. पाणी भरपूर प्यायले, हात झोपतच होता.

नवव्या दिवशी हेल्मेट न काढता दुकानात गेले आणि आतूनच सगळं सांगून टाकलं. काका म्हणाले, "असं होय. मग त्या दिवशी मान का हलवलीस?" त्यांनी तीन प्रकार दाखवले. पहिला, बटण दाबलं की गाडी आपणच वेग सांभाळते, नाव क्रूझ कंट्रोल. मला तोच आवडला. काकांनी तुझ्या गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "हिच्यात वायरी किती आहेत? चार. त्यातली एक हॉर्नची." दुसरा, स्क्रूची कडी. आवळली की मूठ जिथे आहे तिथे थांबते. तिसरा म्हणजे हातपट्टी, प्लॅस्टिकची, मुठीवर बसते, बोटं पिळायची नाहीत, तळवा नुसता टेकवायचा. हात उचलला की रेस आपोआप कमी. ती अगदी चपलेच्या तुकड्यासारखी दिसत होती म्हणून मी स्क्रूची घेतली. काका दोनदा म्हणाले, "हलकंच आवळ, मूठ हाताने मागे फिरली पाहिजे." मी मान हलवली. (माझ्या मानेचं काहीतरी केलं पाहिजे.)

पहिले दोन दिवस फार छान गेले. हात काढायचा, हवेत झटकायचा, बोटं उघडमीट करायची. पण समोरून येणाऱ्यांना वाटायचं मी त्यांना हात करतेय. ट्रकवाले हॉर्न द्यायला लागले. बसस्टॉपवरच्या एक आजी उभ्या राहून हात करायच्या. ओळखीचं कुणी दिसलं तर मी फूटपाथ बदलते, आणि दोन दिवसांत माझी अख्ख्या हायवेशी ओळख झाली.

तिसऱ्या दिवशी चार नंबरच्या डॉक्टरांची गल्ली आली. हातमोजा जाड, घाईत स्क्रू उलटा फिरवला, सैल व्हायच्या ऐवजी आणखी आवळला. मूठ हलेना. क्लच दाबला आणि ब्रेक मारून दारात उभी राहिले, तर इंजिन असं बोंबलायला लागलं की दवाखान्याच्या काचा वाजल्या. (बंद करायचं लाल बटण तुझ्याच काळात तुटलंय, मी तक्रार करत नाही.) सगळे बाहेर. डॉक्टर हातात छोटा आरसा घेऊन, त्यांच्यामागे एक पेशंट, गळ्यात कागदी फडकं, सुई दिल्यामुळे अर्धा चेहरा लोंबतोय. मला काही सुचेना, क्लच सोडला तर मी थेट खुर्चीत जाऊन बसले असते. तो पेशंट ओरडत होता, "आई, आई, आई!" डॉक्टर म्हणाले, "दुखतंय का? आत चला, आत चला." तो मान हलवतोय, माझ्याकडे बोट दाखवतोय. शेवटी त्याने डॉक्टरांना ढकललं, आला आणि किल्ली फिरवली. चावी म्हणत होता बिचारा. त्याच्या ओठांना च आणि व जमत नव्हते. त्याला काय म्हणायचंय ते कुणालाच कळत नव्हतं, आणि मला काय म्हणायचंय ते मलाच. तेवढ्यात आमचं चांगलं जमलं.

कवळ्यांना काही झालं नाही. पण लॅबला दुसरा फोन गेला. आई ओरडली नाही, नुसता बाजूच्या खुर्चीवरचा धुरळा पुसला. ते जास्त वाईट.

तर मामा, तू एवढी वर्षं गाडी चालवलीस, सांग, स्क्रूची कडीच नीट वापरायला शिकू की हातपट्टी घेऊ? विचार करून सावकाश लिही.

तुझी भाची

ता. क. सावकाश नको. रविवारी आई तुला फोन करणार आहे, गाडी परत घेऊन जा म्हणून. तू म्हण, ठेवायला जागा नाही. अंगणात दोन गाड्या मावतात हे तिला माहीत आहे, तेव्हा त्याआधी तिथे काहीतरी नेऊन ठेव. मामीचं लोखंडी कपाट चालेल. (कंबरेमुळे मामीला उचलायला लावू नकोस.)

ता. क. २. हातपट्टी मी मागच्या सोमवारीच बसवली. चार दिवस झाले, पेन एकदाही पडलं नाही. एका बोटाने टाईप करतेय ते सवयीने. तेव्हा कोणती घेऊ हे नाही लिहिलंस तरी चालेल. लिहिलंस तर हातपट्टीच लिही, आणि तूच सुचवलीस असं आईला सांग. माझं ती ऐकेलही कदाचित, पण मला ते आधी म्हणावं लागेल.

ता. क. ३. बाथरूमच्या खिडकीत कबुतराने दोन अंडी घातलीत. खिडकी लावता येत नाही म्हणून आई चार दिवस मागच्या मोरीत आंघोळ करतेय.